विमान मागे ढकलताना खाली हेडफोन लावून चालणारा माणूस पायलटशी कसा बोलतो?

बहुतेक वेळा वायरने. पुढच्या चाकाजवळ सॉकेट असतं, त्यात हेडफोन जोडला की थेट कॉकपिटशी बोलता येतं. एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी पायलट रेडिओवर वेगळी घेतो. मग खालून 'ब्रेक सोडा', वरून 'सोडले'. हे ऐकल्याशिवाय विमान ढकलणारा ट्रॅक्टर हलवायचा नाही. पायलटला मागचं दिसत नाही, सगळी भिस्त खालच्यावर.

सगळ्यात मोलाची लाल फितीची पिन. ती स्टिअरिंग बंद ठेवते. नाहीतर चाक अचानक वळून टो-बार, म्हणजे विमान आणि ट्रॅक्टर जोडणारा दांडा, माणसाला जबर लागू शकतो. शेवटी वायर काढून, बाजूला येऊन तो पिन उंच धरून दाखवतो. ती दिसल्याशिवाय पायलटने पुढे निघायचं नाही. मुंबईहून चिकलठाण्याला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर, येताना पुढची खिडकी मिळाली तर हे आवर्जून बघा.