मिशनच्या कामासाठी परदेशी गेल्यावर ‘देवानं पुरवलं’ असा अनुभव खरंच येतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमची मंडळी, म्हणजे तुमचं चर्च, या हिवाळ्यात नेपाळला जाणार आहे, पैसे जेमतेम जमलेत आणि ज्याला विचारावं तो ‘प्रभू पुरवील’ एवढंच म्हणतो. मी २०१५ च्या डिसेंबरात इंदूरहून नेपाळलाच गेले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही सहा जण होतो, चौघी बायका आणि तरुण संघातली दोन मुलं. त्या वर्षी २५ एप्रिलला नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तो दिवस शनिवार. तिथे सुट्टी शनिवारची, म्हणून उपासनाही शनिवारीच. बाराला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली, तेव्हा कितीतरी मंडळ्या प्रार्थनेला बसलेल्या होत्या. धादिंग जिल्ह्यातल्या तामांग या डोंगरी जमातीच्या एका गावातल्या पाळकांशी, म्हणजे चर्चच्या पास्टरांशी, आमच्या पाळकांची ओळख होती. त्या गावासाठी आमच्या महिला मंडळानं चाळीस ब्लँकेटं जमवली. शिवाय नाताळ जवळ आलेला, म्हणून करंज्यांचा नि इंदुरी शेवेचा एक मोठा डबा.

सीमेवरच्या सोनौली नाक्याला पोचलो आणि ब्लँकेटं अडकली. चूक आमचीच, मालाचे कागद अपुरे होते. दिवसही वाईट होते. २० सप्टेंबरला नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली, तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, तिथल्या मधेशी लोकांचं तिच्याविरुद्ध आंदोलन चाललं होतं, नाक्यांवर ट्रक थांबलेले. नेपाळी लोक त्याला भारताची नाकाबंदी म्हणत, आपलं सरकार ते नाकारत होतं. पण पेट्रोल आणि गॅस मिळत नव्हता, हे तिथल्या प्रत्येक घरात दिसत होतं. गठ्ठे एका ओळखीच्या घरी ठेवले आणि हातातला डबा तेवढा घेऊन आम्ही पलीकडे गेलो. बसमध्ये एका कॉलेजच्या मुलानं मला हिंदीत विचारलं, “तुम्ही लोकांनी आमचं असं का केलंत?” मला उत्तर देता येईना. थोड्या वेळानं तोच उठला आणि मला खिडकीची जागा दिली.

मलेखूला उतरून धादिंगबेसी आणि तिथून पुढे चढण पायी. गावात घरं नव्हतीच, पत्र्याच्या शेड होत्या. पाळकांनी दारातच ‘जयमसीह’ म्हणून हात जोडले. रिकाम्या हातांनी आलो हे सांगताना माझ्या घशात आवंढा आला. त्यांच्या बायको, आम्ही त्यांना दिदी म्हणायचो, त्यांनी डबा घेतला आणि आधी पाणी दिलं.

तिसऱ्या दिवशी मला उलट्या आणि ताप सुरू झाला. दिदी दिवसभर पाणी उकळून देत होत्या, मध्ये जिऱ्याचं पाणी, संध्याकाळी तांदळाची पेज. माझ्या अंथरुणापासून चार हातांवर गॅसची निळी ज्योत दिसायची. मला वाटलं, यांच्याकडे गॅस आहे, बरं झालं. ताप उतरल्यावर सकाळी शेडच्या मागे गेले, तर दिदी तीन दगडांच्या चुलीवर अकरा माणसांचा स्वयंपाक करत होत्या. जळण म्हणजे त्यांच्याच पडलेल्या घराचे मोडके वासे. धुरानं खोकत होत्या. आम्हाला भात, आणि घरच्यांना ढिंडो, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेला पाला. त्यांच्या मुलीला विचारलं तेव्हा कळलं. त्या दिवसांत टाकी अर्धीच भरून मिळायची, १४.२ किलोच्या जागी ७.१. दोन दिवस रांगेत उभं राहून आणलेली ती एक टाकी नाताळसाठी राखून ठेवली होती. ती माझ्या पेजेत गेली.

तुम्ही विचारलंत ना, देवानं पुरवलं असं म्हणता येतं का? मी म्हणते, आणि मनापासून म्हणते. पण साक्ष देताना, म्हणजे मंडळीपुढे हा अनुभव सांगताना, तेवढ्यावर थांबले तर दिदींचा खोकला त्यातून गळून जातो. मला जे मिळालं ते आभाळातून पडलं नव्हतं, कुणाच्या तरी वाट्यातून निघालं होतं. तो वाटा कुणाचा, हे मला सांगावंच लागतं.

परतीच्या वेळी पैसे संपत आले. पेट्रोल काळ्या बाजारात, जीपवाला चौपट मागत होता. शनिवारच्या उपासनेनंतर पाळकांनी त्या दिवसाचं अर्पण आमच्यापुढे ठेवलं, १,८०० नेपाळी रुपये, म्हणजे आपले ११२५. आमच्यातल्या मुलांना ते पटेना, भूकंपग्रस्तांच्या अर्पणाला हात लावायचा? एक म्हातारी नोटांवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा म्हणत होती, “लैजानुस्, लैजानुस्.” घेऊन जा. शेवटी मी घेतले. १८७७ मध्ये कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम इंदुरात सुरू झालं, आमच्या घरानं त्यांच्याकडून शाळा घेतली, औषध घेतलं. सासूबाई सांगायच्या, त्या लोकांचं सगळं घेतलं, पण आमच्या घरची भाकरी त्यांच्यापैकी एकीनंच मांडी घालून खाल्ली, आणि आमच्या आजीला आयुष्यभर तिचंच नाव आठवलं. तो हात पुढे असताना मला तेच आठवलं.

तुम्ही जाल तेव्हा पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. वस्तू नेणार असाल तर कागद आधी करा, किंवा तिथेच विकत घ्या. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला तिथे कायद्यानं बंदी आहे. मंडळीसोबत प्रार्थना करा, हाताला पडेल ते काम करा, आणि यजमानांना अडचणीत आणेल असं काही बोलू नका. मुख्य म्हणजे पहिल्याच दिवशी चुलीमागे जाऊन बघा. घरचे काय खातात आणि कशावर शिजवतात ते पाहा आणि भात नको, ढिंडोच द्या म्हणा. मी चार दिवस उशिरा पाहिलं, ते अजून टोचतं.

ब्लँकेटं फेब्रुवारीत, थंडी सरत आल्यावर पोचली. आमचा डबा मात्र आमच्यासोबतच परत आला. रिकामा डबा परत करत नाहीत, हे दिदींना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी तो गुन्द्रुकनं काठोकाठ भरून दिला. नाताळच्या आदल्या रात्री महिला मंडळाच्या सगळ्याजणी माझ्याकडे जमल्या. आंबूस वास घरभर झाला होता. मी त्याची तुरीच्या डाळीत आमटी केली आणि प्रत्येकीच्या वाटीत वाढली.