डबा राहू दे, आधी मैदानाचं बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की चौथीच्या वर्गात चौरस आहाराचा तक्ता लावला, पोरांनी तो घडाघडा पाठही केला, पण मधल्या सुट्टीत डब्याशेजारी चिप्सची पुडी ठरलेलीच. काय करावं? मी कोल्हापुरात २३ वर्षं पीटी शिकवतोय. माझं मत जरा आडवं आहे: डब्याच्या मागं नंतर लागा, आधी मैदानाकडं बघा.

पीटीचा तास होतो म्हणजे पोरं खेळतात, असं मलाही वाटायचं. एकदा घड्याळ लावून एकाच मुलीकडं बघत बसलो. ३५ मिनिटांच्या तासात ती धावली जेमतेम ४ मिनिटं. बाकी वेळ रांगेत, नाहीतर बाद होऊन कडेला वेणी सोडून परत घालत बसलेली. तास माझाच, बोलणार कुणाला! जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल असा व्यायाम सांगते. तेव्हापासून माझ्याकडं लंगडीत बाद झालेलं पोर कडेला बसत नाही, दुसऱ्या संघात जातं. ४० जणांचा एक डाव न लावता १०-१० चे चार लावतो. गोंधळ होतो, होऊ दे. आणि दंगा केला म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. पळणं ही शिक्षा आहे, हे मग त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं. गणित मागं पडलं म्हणून पीटीचा तास काढून घ्यायची पद्धत मी आधीच्या शाळेत वर्षानुवर्षं सोसली. तुम्ही तरी ते करू नका.

जमलं तर पोषण आहाराच्या आधी २० मिनिटं खेळ ठेवा. आमच्याकडं मटकीची उसळ बादलीत जायची, ती त्यानंतर डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली. हात धुवायची रांग तेवढी लांबते.

आता पुडी. ती आईनं दिलेली असते, कारण सकाळी सातला तिला शेतात भांगलणीला, तण काढायला, जायचं असतं. वर्गात पोराला लाजवलं तर ते थेट तिला लागतं. म्हणून ‘वाईट खाणं’ हा शब्दच नको. त्यापेक्षा वेष्टन वाचायला द्या, चौथीला ग्रॅम येतातच. मी थंड पेयाची २५० मिलीची बाटली नेली होती. मागं लिहिलेलं, १०० मिलीत साखर साधारण ११ ग्रॅम. चमचाभर साखर ४ ग्रॅम धरून पोरांनीच हिशेब केला आणि एकेक चमचा ग्लासात टाकत गेली. सातवा पडला तेव्हा मागच्या बाकावरनं आवाज आला, “आयला!” मी काहीच बोललो नाही. तेवढ्यात एकजण उठला, “सर, आणि काकवी?” त्याच्या घरचं गुऱ्हाळ. खोटं कसं बोलणार? सांगितलं, काकवी, गूळ, सगळी साखरच. भाकरीला लावण्यापुरती. त्याला ते फारसं पटलं नाही.

आपल्याकडं आणखी एक घोळ आहे. पोरगं जाड झालं की घरचे कौतुकानं ‘पैलवान’ म्हणतात आणि दूध-तूप वाढवतात. खुराक तालमीतल्या जोर-बैठकांच्या जोडीनं असतो, हे विसरतात. मी पोरांना खाशाबा जाधवांचं सांगतो. राजाराम कॉलेजात शिकलेला गडी, १९५२ ला हेलसिंकीत ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं, आणि वजनगट कुठला, तर ५७ किलोचा. पोरं आपापल्या काकांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. पण वर्गात सगळ्यांसमोर कुणाचं वजन करू नका. वहीत आकडा लिहायचा, मोठ्यानं वाचायचा नाही.

मोठ्या पोरींचंही बघा. पाचवी-सहावीत पोरं फुटबॉल घेऊन अख्खं मैदान अडवतात आणि पोरी कट्ट्यावर. आठवड्यातले दोन दिवस चेंडू पोरींच्या हातात द्या.

जूनपासून आपल्याकडं मैदानाचा चिखल होतो. तेव्हा व्हरांड्यात दोरीच्या उड्या आणि सूर्यनमस्कार. दोरी विकत नको, जुना कासरा चालतो.