शून्य सेकंदांनंतरचे सामने : ऑबर्नच्या घरच्या मैदानाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची, त्यातही अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाच्या घरच्या सामन्यांची आहेत. मैदानाच्या नावाचा घोळ आधीच मिटवू. छापताना ते ‘जॉर्डन-हेअर’ असते, पण तिथली माणसे ‘जर्डन-हेअर’ म्हणतात. ज्यांचे नाव मैदानाला आहे, ते प्रशिक्षक शग जर्डन आपले आडनाव असेच उच्चारत.

प्रश्न : २०१३ साली अलाबामा विद्यापीठाविरुद्ध ऑबर्नचा ख्रिस डेव्हिस १०९ यार्ड धावला असे सगळे सांगतात. मैदान तर १०० यार्डांचे! आणि टचडाऊननंतरचा (चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे नेला की मिळणाऱ्या सहा गुणांनंतरचा) किकचा जादा गुण कुठे गेला? निकाल ३४-२८ कसा?

उत्तर : १०० यार्ड हे गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंतचे अंतर. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन असतात आणि गोलपोस्ट एंड झोनच्या मागच्या रेषेवर. अलाबामाने ५७ यार्डांवरून मारलेली किक पोस्टपर्यंत पोचायच्या आत खाली येऊ लागली. डेव्हिसने ती झेलली ती गोलरेषेच्या सुमारे नऊ यार्ड मागे. तिथून समोरची गोलरेषा १०९ यार्डांवर. अधिकृत नोंदीत मात्र १००च यार्ड धरले आहेत, त्यामुळे दोन्ही आकडे वाचायला मिळतात.

आता मुख्य गोष्ट. फील्ड गोलची, म्हणजे गोलपोस्टमधून चेंडू घालून तीन गुण मिळवण्याची, किक हुकली की खेळ थांबला, असे बऱ्याच जणांना वाटते. हुकलेली किक पलीकडे कुणाच्या हाताला न लागता गोलरेषेमागे जमिनीवर आपटली, तर चेंडू मृत होतो. हवेतच झेलली, तर तो जिवंत असतो आणि झेलणारा धावू शकतो. एरवी कुणी या फंदात पडत नाही, कारण चेंडू सोडून दिला तर आपल्या संघाला तो चांगल्या जागी आपसूक मिळतो. पण ३० नोव्हेंबर २०१३ ला गुण २८-२८ होते आणि घड्याळात एकच सेकंद उरला होता. तोही पंचांनी व्हिडिओ पाहून परत दिलेला, कारण अलाबामाचा धावपटू रेषेबाहेर गेला तेव्हा एक सेकंद बाकी होता, घड्याळ मात्र शून्यावर गेलेले दिसत होते. अशा वेळी ऑबर्नला गमावण्यासारखे काही नव्हते. किकच्या आधी ऑबर्नने टाइमआउट घेतला आणि डेव्हिसला मागे उभे केले.

अलाबामाच्या बाजूने काय चुकले? फील्ड गोलचा चमू धावणाऱ्याला पकडण्यासाठी बांधलेलाच नसतो. चेंडू मागे देणारा, तो जमिनीवर धरणारा, किक मारणारा, आणि बाकीचे बहुतेक १३०-१४० किलोचे आडदांड गडी. ते खांद्याला खांदा लावून भिंत करतात. किक पायातून सुटेपर्यंत जागा सोडायची नाही, एवढेच त्यांचे काम. पंटच्या (चेंडू समोरच्या संघाकडे लांब उडवून देण्याच्या किकच्या) वेळी दोन्ही कडांना चपळ खेळाडू मोकळे ठेवलेले असतात, तसे इथे कुणी नसते. डेव्हिस डाव्या कडेने निघाला, साथीदारांनी बाजूने आडोसा धरला, आणि निम्मे मैदान ओलांडल्यावर त्याला गाठू शकेल असा माणूसच उरला नाही. त्या दिवशी अलाबामाच्या नेहमीच्या किकरचे तीन प्रयत्न वाया गेले होते; म्हणून शेवटची किक दुसऱ्याच, नवख्या पायाकडे होती. ओव्हरटाइम पत्करला असता तरी चालले असते, पण हे शहाणपण नंतरचे.

जादा गुणाचे उत्तर सोपे. चौथ्या भागातला वेळ संपता संपता टचडाऊन झाला आणि पुढच्या प्रयत्नाने निकाल बदलणार नसेल, तर तो प्रयत्न घेतच नाहीत. म्हणून ३४, ३५ नव्हे.

प्रश्न : त्याच्या दोन आठवडे आधी जॉर्जियाविरुद्ध मिळालेला विजय निव्वळ नशिबाचा नव्हता का?

उत्तर : नशीब होतेच, पण त्याला वाट बचावपटूंनी करून दिली. १६ नोव्हेंबर २०१३. ऑबर्नची ३७-१७ ची आघाडी जॉर्जियाने फोडली आणि दोन मिनिटांहून कमी वेळ असताना ३८-३७ केले. मग ऑबर्नपुढे चौथा डाऊन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या चार प्रयत्नांतला शेवटचा, आणि १८ यार्ड बाकी. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, निक मार्शलने लांब फेक केली. जॉर्जियाचे दोन बचावपटू चेंडूखाली पोचले होते आणि दोघांनीही तो धरू पाहिला. चौथ्या डाऊनला फेक झेलण्यात काडीचा फायदा नसतो. हाताने खाली पाडली की चेंडू तुमचाच, तोही पुष्कळ पुढच्या जागेवर. दोघे एकमेकांत अडकले, चेंडू वर उडाला आणि त्यांच्या मागे धावत असलेल्या रिकार्डो लुईच्या हातात आला. ७३ यार्ड, २५ सेकंद बाकी, ४३-३८. ‘झेलू नका, पाडा’ हे शाळेतल्या संघालाही शिकवतात.

प्रश्न : संघाचे नाव ‘टायगर्स’, आणि सामन्याआधी मैदानावर गरुड उडवतात. हे कसे काय?

उत्तर : ‘वॉर ईगल’ ही ललकारी आहे, संघाचे नाव नव्हे. सामन्यापूर्वी गरुड मोकळा सोडण्याची प्रथा २००० पासूनची. मैदानात उभा असलेला माणूस दोरीला बांधलेले आमिष फिरवतो, त्यावर गरुड उतरतो.

प्रश्न : ऑबर्नचा घरचा सर्वांत मोठा सामना कोणता, २०१३ चा की १९८९ चा? आणि १९७२ च्या दोन अडवलेल्या पंटांचा सामना यादीत का नसतो?

उत्तर : आमच्या मते १९८९. आणि यात आम्हाला फारसा संकोच वाटत नाही. ऑबर्न आणि अलाबामा यांच्यात १९०७ नंतर तब्बल ४१ वर्षे सामनाच झाला नव्हता. १९४८ ला तो पुन्हा सुरू झाला, तोही बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर, आणि पुढची चाळीस वर्षे तिथेच राहिला. कागदावर ते मैदान तटस्थ. प्रत्यक्षात अलाबामा आपले बरेच घरचे सामने तिथेच खेळत असे, त्यामुळे ऑबर्नवाल्यांना ते कधीच तटस्थ वाटले नाही. प्रशिक्षक पॅट डाय यांनी हा सामना ऑबर्नला आणण्यासाठी जोर लावला आणि २ डिसेंबर १९८९ ला अलाबामाचा संघ पहिल्यांदा तिथे खेळायला आला. अलाबामा तोवर अपराजित, देशात दुसऱ्या क्रमांकावर. ऑबर्न ३०-२० ने जिंकले आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटाच्या विजेतेपदात वाटेकरी झाले. तो सामना तिथे झालाच नसता, तर २०१३ ची ती धाव त्या मैदानावर होण्याचा प्रश्नच नव्हता.

१९७२ चा सामना (ऑबर्न १७, अलाबामा १६) लीजन फील्डवरचा. १६-३ ने मागे असताना ऑबर्नच्या बिल न्यूटनने दोन पंट अडवले आणि दोन्ही वेळा चेंडू डेव्हिड लँगनरने उचलून टचडाऊन केला. थरार तोच, पण घर ते नव्हे. यादी घरच्या सामन्यांची करायची, तर ही गल्लत टाळावी.

प्रश्न : २०१६ च्या लुइझियाना स्टेटविरुद्धच्या सामन्यात शेवटचा टचडाऊन दिला, मग काढून घेतला. २०१३ मध्ये वेळ संपल्यावरही टचडाऊन मान्य झाला. हा दुजाभाव नाही का?

उत्तर : नाही. नियम एकच : शेवटची खेळी शून्याच्या आत *सुरू* व्हायला हवी; संपायला कितीही वेळ लागो. खेळी सुरू होते ती स्नॅपने, म्हणजे मध्यभागच्या खेळाडूने चेंडू मागे दिला त्या क्षणी. २०१३ ला स्नॅप वेळेत होता. २४ सप्टेंबर २०१६ ला व्हिडिओत दिसले की घड्याळ शून्यावर गेले तेव्हा चेंडू अजून जमिनीवरच होता. टचडाऊन रद्द, ऑबर्न १८-१३ ने विजयी. ते अठराच्या अठरा गुण डॅनियल कार्लसनच्या सहा फील्ड गोलांचे. दुसऱ्याच दिवशी लुइझियाना स्टेटने आपले प्रशिक्षक लेस माइल्स यांना निरोप दिला.

स्नॅपचाच आणखी एक दाखला १८ सप्टेंबर २०१० चा आहे. ओव्हरटाइममध्ये ऑबर्न तीन गुणांनी पुढे होते आणि क्लेमसनने २६ यार्डांची किक बरोबर मारली. पण स्नॅप नियमबाह्य ठरला, पाच यार्डांचा दंड बसला, किक पुन्हा ३१ यार्डांवरून घ्यावी लागली आणि ती हुकली. ऑबर्न २७-२४. त्या मोसमात ऑबर्न एकही सामना हरले नाही आणि राष्ट्रीय विजेते झाले. त्या पाच यार्डांची आठवण क्वचितच कुणी काढते.

प्रश्न : २०१९ मध्ये अलाबामाची किक खांबाला लागली, एवढ्यावरच सामना संपला का?

उत्तर : नाही, आणि खरी गंमत पुढेच आहे. ३० यार्डांची ती किक खांबाला लागली तेव्हा सुमारे दोन मिनिटे उरली होती. थोड्याच वेळात ऑबर्नवर चौथा डाऊन आला. त्यांचा पंट मारणारा खेळाडू मैदानात आला, पण कडेला, चेंडू झेलणाऱ्याच्या जागी उभा राहिला. पंट होणार की साधी खेळी, हे अलाबामाला कळेना. माणसे आत-बाहेर करण्याच्या गोंधळात अकराऐवजी बारा जण मैदानात राहिले. पाच यार्डांच्या दंडाने ऑबर्नला नवा पहिला डाऊन मिळाला आणि सामना तिथेच संपला, ४८-४५.

प्रश्न : जुन्या सामन्यांपैकी एखादा विक्षिप्त सामना सांगा.

उत्तर : दोन सांगतो, दोन्ही लुइझियाना स्टेटविरुद्धचे. १७ सप्टेंबर १९९४ ला चौथ्या भागात पाहुणे २३-९ ने पुढे होते. अशा वेळी चेंडू हातात घेऊन धावत राहायचे असते : घड्याळ चालू राहते आणि चेंडू हवेत जात नाही. ते फेकत राहिले. ऑबर्नने चौथ्या भागात पाच फेकी पकडल्या, त्यांतल्या तिनांवर टचडाऊन केले आणि ३०-२६ ने जिंकले.

दुसरा २१ सप्टेंबर १९९६ चा. सामना चालू असताना मैदानाशेजारचे जुने लाकडी क्रीडागृह पेटले. प्रेक्षकांनी स्वयंपाकासाठी पेटवलेली शेगडी इमारतीला खेटून होती. स्टँडमागे ज्वाळा दिसत होत्या, तरी सामना थांबवला नाही. ऑबर्नने शेवटी टचडाऊन करून १७-१५ केले. बरोबरीसाठी, जादा गुणाच्या किकऐवजी घेतलेली दोन गुणांची फेक पाहुण्यांनी पकडली आणि उलट दिशेने धावत नेली. असा चेंडू पार पोचवला तर बचाव करणाऱ्या संघाला दोन गुण मिळतात, म्हणून निकाल १९-१५.

प्रश्न : हरलेले सामने ‘अविस्मरणीय’ म्हणून मोजावेत का?

उत्तर : मोजावेतच. २०२१ मध्ये अलाबामाने नियमित वेळ संपायला २४ सेकंद असताना १०-१० केले. तिसऱ्या ओव्हरटाइमपासून फक्त दोन गुणांचे एकेक प्रयत्न होतात, त्यात चौथ्या फेरीत ते २४-२२ ने जिंकले. २०२३ ला चौथा डाऊन, ३१ यार्ड गाठायचे, आणि अलाबामाच्या जेलेन मिल्रोची फेक थेट एंड झोनच्या कोपऱ्यात. २७-२४. ऑबर्नने त्या वेळी समोर फक्त दोघांना धाडले आणि बाकीच्यांना मागे ठेवले. क्वार्टरबॅकला उभे राहून नेम धरायला हवा तेवढा वेळ मिळाला.

प्रश्न : विजयानंतर ऑबर्नमधल्या टूमर्स कॉर्नर या चौकातल्या झाडांवर टॉयलेट पेपर फेकतात. त्यानेच झाडे मेली का?

उत्तर : नाही, विषाने. २०१० च्या अलाबामा सामन्यानंतर एका अलाबामा समर्थकाने दोन जुन्या ओकच्या मुळाशी ‘स्पाइक ८०डीएफ’ हे तणनाशक ओतले. त्यातले टेब्युथियुरॉन मुळांतून वर चढते आणि पानांचे अन्न तयार करणे बंद पाडते. झाड पुन्हा पुन्हा पालवी फोडते, ती गळते, आणि साठवलेले अन्न संपत जाते. म्हणून मरायला दोन वर्षांहून जास्त लागली. एप्रिल २०१३ मध्ये झाडे काढली आणि दूषित माती उपसली. नवी झाडे २०१५ ला आली.

फेकण्याची रीत अशी : रोलचे टोक हातात धरायचे, थोडा पदर सुटा ठेवायचा आणि रोल फांदीच्या *वरून* जाईल असा उंच फेकायचा. घट्ट गुंडाळलेला रोल फेकला तर तो उलगडत नाही आणि पलीकडच्या माणसाच्या डोक्यात बसतो. रोपणानंतर झाडांची मुळे धरेपर्यंत त्यांच्यावर पेपर टाकू नका, असे विद्यापीठाने सांगितले होते. पेपर म्हणजे वाळलेला पाचोळाच, ठिणगी पुरते. २०१६ च्या त्याच लुइझियाना स्टेट सामन्याच्या रात्री, कार्लसनच्या सहा किकांनंतर, नव्या झाडांपैकी एकावरच्या पेपरला आग लावली गेली आणि ते झाडही बदलावे लागले.