अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गॅरेजच्या दारासमोर दर मार्चमध्ये पाणी साचून गोठते. ठेकेदार सुचवतो तसा जाळीचा चर बसवावा का?

बसवावा लागेलही, पण तो उपायांच्या क्रमात शेवटचा ठेवावा, असे माझे मत आहे. तुमचे घर मिनियापोलिसच्या उपनगरात आहे, ड्राइव्हवे (रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची गाडीवाट) काँक्रीटचा आणि जुना आहे, दारासमोरचे पाणी रात्री गोठून दाराची रबरी पट्टी जमिनीला चिकटते आणि ठेकेदाराने दारालगत आडवा, जाळीने झाकलेला चर सुचवला आहे, एवढे तुम्ही लिहिले आहे. मी याच राज्यात घरांभोवतालच्या उतारांची आणि निचऱ्याची कामे पाहतो, त्यामुळे हा प्रस्ताव माझ्या परिचयाचा आहे.

महाराष्ट्रातला पावसाळा पाहून वाढलेल्या माणसाला पाणी तुंबले की गटार मोठे करावेसे वाटते, आणि तिथे ते बरोबरही असते. मार्चमधले इथले पाणी मात्र वेगळ्या रीतीने येते. दिवसा वितळलेल्या बर्फाचा पातळ ओघळ सावकाश सरकत येतो आणि ऊन कलल्यावर जिथे पोहोचला असेल तिथेच गोठतो. म्हणून चराची रुंदी इथे दुय्यम ठरते. पाणी दारापर्यंत येतेच का, हे आधी पाहावे लागते. शिवाय या राज्याच्या बांधकाम नियमांनुसार पाया दक्षिण भागात किमान 42 इंच आणि उत्तर भागात 60 इंच खोल न्यावा लागतो, कारण थंडी जमिनीत तितकी खोल उतरू शकते; जाळीचा चर आणि त्याचा पाइप मात्र बहुधा वरच्या फूट-दीड फुटातच असतात. ज्या आठवड्यांत त्यांची गरज असते, नेमके त्याच आठवड्यांत ते बर्फाने बुजलेले असू शकतात, आणि मग पाणी जाळीवरून सरळ दाराकडे जाते.

म्हणून प्रथम पाणी कुठून येते ते पाहा. छपराच्या पन्हळीचा नळ ड्राइव्हवेच्या कडेला सुटत असेल, तर तो लांबवून बागेच्या उतरत्या भागात न्यावा. तळघरात झिरपलेले पाणी उपसणाऱ्या सम्प पंपाचे पाणी सांडपाण्याच्या नळाला जोडण्यास येथील बहुतेक नगरपालिका मनाई करतात, त्यामुळे ते घराच्या बाजूला सोडलेले असते आणि पुष्कळदा वळून ड्राइव्हवेवरच येते. तिसरा स्रोत आपणच तयार करतो: फावड्याने किंवा यंत्राने लोटलेल्या बर्फाचा ढीग चढाच्या बाजूला असेल, तर तो महिनाभर ठिबकत राहतो. ढीग उताराच्या बाजूला घालायला एक पैसाही खर्च येत नाही.

यानंतर उतार मोजा. दारापासून बाहेरच्या दिशेने दोरी ताणून पाणसळ लावली की काम होते. दर फुटाला पाव इंच, म्हणजे साधारण दोन टक्के, उतार बाहेर असावा. जुन्या घरांत दारालगतची लादी आत कललेली आढळते, कारण पाया बांधताना खणलेल्या खड्ड्यात परत टाकलेली माती नीट दाबलेली नसते आणि ती वर्षानुवर्षे खचत जाते. अशी लादी धड असेल, तर तिला भोके पाडून खाली फुगणारा फोम किंवा सिमेंटमिश्रित गाळ दाबून ती उचलता येते. मात्र ती गॅरेजच्या फरशीच्या वर जाता कामा नये, आणि तिचे तुकडे पडले असतील तर ती नव्याने ओतणेच बरे.

मोजमाप एकदाच करून थांबू नका. फेब्रुवारीत आणि पुन्हा मेमध्ये मोजा. लादी हिवाळ्यात वर येऊन उन्हाळ्यात परत बसत असेल, तर दोष खचण्याचा नाही, हिमफुगीचा आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, पण एवढ्याने लादी इंच-दोन इंच उचलली जात नाही. बारीक गाळमाती खालच्या थरांतले पाणी दिव्याच्या वातीसारखी वर ओढते आणि गोठणाऱ्या पातळीवर बर्फाचे थर एकावर एक वाढत जातात. लादी उचलतात ते हे थर. अशा ठिकाणी फोम भरणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. ती माती खणून काढावी, जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे) अंथरून वर बारीक चुरा नसलेली धुतलेली खडी भरावी आणि तळाशी छिद्रांचा पाइप घालून त्याचे तोंड उघड्या उतारावर काढावे. काम मोठे आहे, पण माती, पाणी आणि थंडी या तिघांपैकी आपल्या हातात पहिल्या दोनच गोष्टी आहेत.

अख्खा ड्राइव्हवेच रस्त्याकडून घराकडे उतरत असेल, तर मात्र जाळीच्या चराला पर्याय नाही. तेव्हा पाइपला सलग उतार द्यावा, त्याचे तोंड उघडे ठेवावे (पाण्याच्या दाबाने उचलले जाणारे झाकण हिवाळ्यात गोठून बसते) आणि चरात व पाइपमध्ये तोंडापर्यंत तापणारी विद्युत केबल घालावी. पाणी शेजाऱ्याच्या जागेत सोडू नये. रस्त्यावर सोडण्यापूर्वी नगरपालिकेची परवानगी घ्यावी. खणण्यापूर्वी 811 ला फोन करून जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्यात. ही सेवा विनामूल्य आहे.

तोपर्यंत मीठ जपून वापरा. साधे मीठ पृष्ठभाग उणे 9 अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावर फारसे चालत नाही, आणि अमोनियमयुक्त क्षार काँक्रीटच खातात. निसरडेपणासाठी वाळू पुरते.

ठेकेदाराला करारापूर्वी दोन गोष्टी लेखी मागा: सध्याच्या उताराची मोजमापे आणि चरातले पाणी जानेवारीत नेमके कुठे बाहेर पडेल, याचा आराखडा. दुसरे त्याने दिले नाही, तर काम दुसऱ्याला द्यावे.