पद्मिनी की मारुती? आधी पत्रा बघ!

भाऊ,

जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊ की जुनी मारुती 800, हा तुझा मेसेज वाचला, सोबतची तुलनेची एक्सेल शीटपण उघडली. पद्मिनी 1089 सीसी चार सिलिंडर, मारुती 800 ची 796 सीसी तीन सिलिंडर, ॲव्हरेज, रिसेल, सगळं मांडलंय आणि पत्र्याचा, म्हणजे गाडीच्या बॉडीचा, कॉलमच नाही! अरे, या दोन्हींना ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, पत्रा हीच चेसिस. इंजिन खोलता येतं, रिंगा-पिस्टन टाकता येतात, पण फ्लोअर सडला की वेल्डिंगवर वेल्डिंग करत बसायचं. म्हणून पत्रा आधी.

तुझा जीव पद्मिनीत अडकलाय ते दिसतंय. स्टेअरिंगजवळचा गिअर, पुढची सलग सीट, मजा आहेच, मी कुठं नाही म्हणतो. पण मुळात साठच्या दशकातली फियाट ती. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 ला टेकलेला असताना चाळीसगावहून कन्नड घाट चढव, पेट्रोलची वाफ होते, गाडी गप्प, मग इंजिनाजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकून घाटातल्या माकडांकडं बघत बसायचं. मारुती आली 1983 ला, हलकी, ओढ पुढच्या चाकांना, वळताना कटकट वाजली की ड्राइव्हशाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, जॉइंट बघायचा. रोज जळगाव गाठायचं असेल तर मारुती घे, रविवारी मिरवायची असेल तर पद्मिनी, त्यात एवढं डोकं काय लावायचं? पण कुठलीही घे, पत्रा आधी!

घरचे मला हसतात, हा माणूस गाडी बघायला गेला की आधी जमिनीवर आडवा होतो म्हणे. हसू दे. माझी पद्मिनी घेतली तेव्हा इंजिन धूर टाकत होतं, सगळे म्हणाले येडा झाला, पत्रा कोरा होता म्हणून घेतली, इंजिन बांधलं, गाडी अजून चालतेय. 'इंजिन मख्खन' म्हणून घेतलेल्यांच्या गाड्या भंगारात गेल्या, मग येडा कोण?

तर खिशात चुंबक ठेव. दाराची खालची कड, चाकावरची कमान, डिक्कीत स्टेपनीखाली, सगळीकडं लावून बघ, चिकटलं नाही तिथं सडका पत्रा झाकायला लांबी (पुट्टी) भरलीय. मॅटिंग उचल, लाजू नको. पेंट नवाकोरा असला तर संशय डबल. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, रिन्यू आहे का तेही बघून घे, 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी करावी लागते.

आणि धुळ्याची ती पांढरी गाडी बघायला सकाळीच जा, मालकाला फोन करून सांग की मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका, गार इंजिन कसं उठतं ते मला बघायचंय. कां-कू करायला लागला तर पेट्रोल जाळत जाऊच नको.