मुलांना गोष्टीतल्या दोन पात्रांची तुलना करायला कसं शिकवायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नऊ वर्षांची आहे, ससा-कासवाची तुलना करायला सांगितली की ‘ससा पांढरा, कासव हिरवं, ससा आळशी, कासव मेहनती’ एवढं लिहून मोकळी होते, आणि दोन वर्तुळांची आकृती देऊनही काही फरक पडत नाही. हे शेवटचं वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. आकृती देऊनही नव्हे हो, आकृती दिल्यामुळेच!

एकमेकांत शिरलेली ती दोन वर्तुळं हल्ली जिथे तिथे असतात. मूल डावीकडे लिहितं ‘वेगवान, गर्विष्ठ’, उजवीकडे लिहितं ‘शांत, पाठीवर कवच’. पान भरलं, आपण खूश. पण वेगासमोर कवच, ही तुलना कसली? या तर दोन सुट्या याद्या. जॉन व्हेन या तर्कशास्त्रज्ञाने १८८० मध्ये या आकृत्या मांडल्या त्या गटांचे एकमेकांशी संबंध दाखवायला, आणि त्या कामाला त्या उत्तमच आहेत. तुलनेला मात्र आधी मुद्दा लागतो. मुद्दा लिहायला त्या वर्तुळांत जागाच नाही.

त्याऐवजी कागदावर तीन उभे रकाने पाडा. मधला मुद्द्याचा, तो आधी भरायचा. डावीकडे एक पात्र, उजवीकडे दुसरं. नियम एकच: एका बाजूला लिहिलं की समोरची बाजू भरल्याशिवाय खालच्या ओळीवर जायचं नाही. समोर काही सुचत नसेल तर गोष्ट पुन्हा उघडायची, तिथेही नसेल तर ती ओळ खोडायची. कवच असंच आपोआप खोडलं जातं. रंगही. दिसण्याला बंदी नाही, पण त्या दिसण्यामुळे गोष्ट पुढे सरकत असेल तरच ते तक्त्यात.

मुद्दे आणायचे कुठून? दोघांवर एकच प्रसंग येतो अशी जागा गोष्टीत शोधायची. इथे ती शर्यत. शर्यतीचं ठरताना कोण काय बोललं, निघताना काय केलं, पुढे गेल्यावर किंवा मागे पडल्यावर काय केलं. ‘स्वभाव कसा आहे?’ असं थेट विचारलंत की मूल पाठ केलेलं विशेषण फेकणार. ‘काय केलं?’ विचारा, आणि ज्या वाक्यात ते आहे त्यावर बोट ठेवायला लावा. बोट ठेवता आलं नाही तर ते उत्तर नाही.

आता तो ‘आळशी’. हे उत्तर आलं की मी एवढंच म्हणते, वाक्य दाखवा. मुलं ‘ससा झोपला’वर बोट ठेवतात. मग त्याआधीची ओळ वाचायला लावते. ससा सुसाट पळाला, खूप पुढे गेल्यावर त्याने मागे वळून पाहिलं, कासव कुठेच दिसेना, आणि मग तो झोपला. आळशी प्राणी एवढा पळेल? मुळात शर्यतीला हो म्हणेल? इथे वर्ग दोन मिनिटं गप्प होतो. मग कोणीतरी ‘गर्विष्ठ’ म्हणतं. त्यालाही वाक्य मागायचं. ते सापडतं, पण दुसरीकडेच: शर्यतीआधी तो कासवाला हसला होता. म्हणजे मुद्दे दोन झाले. दुसऱ्याला काय समजतो, हा एक, तिथे ससा गर्विष्ठ. पुढे गेल्यावर काय करतो, हा दुसरा, आणि तिथे नेमका शब्द आहे ‘गाफील’. बहुतेक मुलांकडे हा शब्द नसतो, तो आपण द्यायचा. पण गरज पडल्यावर, आधी नाही.

कासवालाही सोडायचं नाही. गोष्टीच्या काही रूपांत आव्हान कासवच देतं. हरणार हे सगळ्यांना दिसत असताना आव्हान देणारं कासव नुसतं ‘शांत, गरीब’ कसं? आणि झोपलेल्या सशाला न उठवता ते पुढे गेलं, ते बरोबर की लबाडी? यावर मुलं कडाकडा भांडतात. निकाल देऊ नका. सगळा तास यात गेला तरी जाऊ द्या.

माझ्या एका सहशिक्षकांचं म्हणणं, आधी तात्पर्य सांगावं, म्हणजे मुलांना पात्रं कळतात. आमचा हा वाद फार जुना आहे. पण ‘आळशी’ हा शब्द येतो कुठून? गोष्टीत तो नाही. तो तात्पर्यातून येतो आणि सशाला चिकटतो. एकदा चिकटला की मूल पुन्हा गोष्टीकडे बघत नाही. म्हणून तात्पर्य सगळ्यात शेवटी, आणि नाहीच सांगितलं तरी बिघडत नाही.

साम्य शोधताना मुलं ‘दोघेही प्राणी आहेत’वर थांबतात. ससा-कासव इथे तसे कमीच उपयोगी. माकड आणि मगरीची गोष्ट घ्या. मगर माकडाला घरी बोलावते तेव्हा खोटं बोलते, आणि माकड ‘काळीज झाडावर राहिलं’ म्हणतं तेव्हा तेही खोटंच. दोघेही आपल्या मित्राशी खोटं बोलले! हे लक्षात आलं की मुलांचे डोळे चमकतात. मग लगेच ‘कशासाठी?’ विचारा. एकाने जीव घ्यायला, दुसऱ्याने जीव वाचवायला. साम्याच्या पोटातून फरक निघतो तो असा, आणि असा फरक मूल विसरत नाही.

शब्दसाठ्याचं थोडक्यात सांगते. चांगला, वाईट, हुशार, आळशी या चार शब्दांवर मुलांचं भागतं. त्यांना जोड्या द्या: काटकसरी-चिक्कू, सावध-भित्रा, धाडसी-बेफिकीर, उदार-उधळा. कृती तीच, बघणारा बदलला की नाव बदलतं. दाणे साठवून दारात आलेल्या भुकेल्या टोळाला परत पाठवणारी मुंगी यातली कोण? मुंगीचं उत्तर वेगळं, टोळाचं वेगळं.

लिहिताना मुलं ‘आणि’ने सगळं जोडत जातात, म्हणून तुलना दिसत नाही. ‘दोघंही’, ‘मात्र’, ‘तर’, ‘उलट’ हे चार शब्द कागदाच्या कडेला लिहून ठेवा, त्यातले किमान दोन वापरायचे. ‘कासव सशापेक्षा चांगलं’ आलं की ‘कशात?’ विचारा. ‘पेक्षा’ला मुद्दा लागतोच. नऊ वर्षांच्या मुलीकडून एवढं आलं तरी पुष्कळ: ‘दोघंही शर्यतीला तयार झाले. मात्र पुढे गेल्यावर ससा निर्धास्त झोपला, तर कासव न थांबता चालत राहिलं. यावरून ससा गाफील आणि कासव चिकाटीचं वाटतं.’ आधी सशाबद्दल सगळं, मग कासवाबद्दल सगळं, ही पद्धत या वयात टाळा. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत मूल पहिला विसरतं आणि तुलनेऐवजी दोन निबंध होतात.

गोष्ट दोनशे-तीनशे शब्दांची, पहिलं वाचन नुसतं मजेसाठी, तक्ता दुसऱ्या वाचनानंतर. फरकाचे दोन मुद्दे, साम्याचा एक. पाच मुद्दे मागितलेत की रंग आणि कवच परत येणार.

हे सगळं वाचन सुरळीत असलेल्या मुलांसाठी हं. मुलगी अजून अडखळत वाचत असेल तर गोष्ट तुम्ही सांगा, तक्ताही तुम्हीच लिहा, तिने फक्त बोलायचं. सात वर्षांच्या आतल्यांना लेखी तुलना देऊच नये. आणि परीक्षेत वर्तुळंच छापून आली तर नाइलाज आहे. तेव्हा तीन रकाने कच्च्या कागदावर भरायचे, साम्य मधल्या भागात टाकायचं आणि फरक दोन्ही बाजूंना एकाच रेषेत, समोरासमोर लिहायचे.