दादरला गाडी बदलायला दहा मिनिटं पुरतात का?

पुरतात, पण तुम्ही पुढे जे विचारलंय ना, की डोंबिवलीचा मित्र तिथेच भेटणार आहे तर त्याला कुठला प्लॅटफॉर्म सांगू, त्यासाठी लिहितेय. प्लॅटफॉर्म सांगूच नका.

२००९ साली नणंदेचा साखरपुडा डोंबिवलीला होता. हार-गजरे मी दादरच्या फुलबाजारातून आणायचे आणि दीर मला स्टेशनात भेटणार, ओझं घेणार, असं ठरलं. "वहिनी, एक नंबरवर थांबा." मी थांबले. फुलबाजाराला लागून जो एक नंबर आहे तो वेस्टर्नचा, हे शेंबडं पोरही सांगेल. हे महाशय उभे सेंट्रलच्या एक नंबरवर! तेव्हा दादरला वेस्टर्न आणि सेंट्रल ह्या दोन्ही रेल्वे लाइनींचे वेगवेगळे, असे दोन-दोन एक नंबर होते, आणि ह्यांच्या फोनची बॅटरी गेलेली. पन्नास मिनिटं. केळीच्या पानातल्या गजऱ्यांचं पाणी ठिबकून साडीचा घोळ ओला झाला, हार तर नंतरच्या गर्दीत असे चेपले की नवऱ्या मुलाच्या गळ्यात नुसता दोराच दिसत होता. आणि वर दर दिवाळीला ऐकायचं काय, तर "वहिनींना दादर कळत नाही".

डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेनेच नंबर बदलले. वेस्टर्नचे १ ते ७ तसेच राहिले आणि सेंट्रलचे ८ पासून १४ पर्यंत झाले, म्हणजे भाऊजींचा एक नंबर आता आठ आहे आणि माझा एक नंबर अजूनही एकच आहे. ह्यावर आणखी काय बोलायचं? डोंबिवलीला जाणारी कल्याण स्लो लोकल तिकडूनच सुटते म्हणून मी तिथे थांबलो असं ते म्हणतात, ते खरंय, पण मग "सेंट्रलचा" हा एक शब्द बोलायला काय पैसे पडत होते?

तर मित्राला स्टेशनबाहेर बोलवा, पश्चिमेला फुलबाजाराच्या तोंडाशी. जुनी माणसं अजून जुनेच नंबर सांगतात, त्यामुळे आतल्या आत भेटायचंच असेल तर नवा की जुना हे विचारून घ्या.

हां, दहा मिनिटं म्हटलं ते रिकाम्या हाताने आणि दुपारचं. संध्याकाळी सहानंतर पुलावर मुंगीच्या पावलाने जावं लागतं, सोबत बॅगा असतील तर वीस-पंचवीस धरा. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या कुठे बंद आहेत, ते बघूनच निघा. आणि गणपतीच्या आदल्या दिवशी येत असाल तर वरचं सगळं विसरा, दादरला न येता अंधेरीहूनच घाटकोपरला मेट्रोने जा.